उदास मांजराचं खातं

सोमवार, ४

ताईचा फोन आला. ती आणि भावोजी नोकरीसाठी समुद्रापार, आणि त्यांची पंधरा वर्षांची लेक गेल्या वर्षापासून माझ्या घरी. तिकडे ताईनं पालकांसाठीचं कुठलंसं व्याख्यान ऐकलं आणि तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. मुलांच्या खात्यांवर लांडगे फिरतात म्हणे. पोरगी तिच्या शेजारी बसून दिवसभर फोन बघत होती, तेव्हा हे लांडगे उपास करत असावेत.

"तू तिच्या खात्यावर लक्ष ठेव," ताई म्हणाली. "तिला कळू न देता."

"मी दात बनवते, ताई. पोलिसात नाही."

"एवढं तरी कर. काही वेडंवाकडं दिसलं तर लगेच सांग. वसतिगृहात जागा बोलून ठेवलीय मी. तुझ्या गळ्यात तरी किती दिवस बांधून ठेवणार?"

उंटावरून शेळ्या हाकायची ताईची सवय जुनी आहे. मी म्हटलं, पाठव की, माझी खोली तरी मोकळी होईल. "खरंच?" तिनं विचारलं. मी फोन ठेवला. वसतिगृहात पाठवणार म्हणे. ही कार्टी अंघोळीनंतर टॉवेल पलंगावर टाकते, तिला तिथे एका दिवसात परत धाडतील.

बुधवार, ६

खातं उघडलं. खोटं. बाईसाहेबांचं खातं बंद दरवाजाचं आहे, त्या आत घेतील त्यालाच आतलं दिसतं. मावशी म्हणून गेले असते तर दारातूनच वाटेला लावलं असतं.

नाव ठेवलं 'उदास मांजर'. फोटो खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या बोक्याचा. तो उदास वगैरे काही नाही, खाऊन सुस्त झालेला आहे, पण या वयाच्या पोरांना सुस्ती आणि दुःख यातला फरक कळत नाही. वय पंधरा. आवडी: चॉकलेट, एकटेपणा. लिहिताना मला माझीच शिसारी आली.

स्वयंपाकघरातून विनंती पाठवली. टोस्ट भाजून व्हायच्या आत पलीकडच्या खोलीतून मंजूर. ही ताईची हुशार मुलगी! अनोळखी बोक्याला दार उघडलं.

शनिवार, ९

दोन दिवस तिचं खातं वाचते आहे. यात धोका शोधायचा म्हणजे पाण्यात लोणी शोधण्यासारखं आहे. बुटांचे फोटो. अर्ध्या चेहऱ्याचे फोटो, जणू उरलेल्या अर्ध्याचे पैसे भरायचे राहिलेत. एका फोटोत नुसतं कोपर. त्याखाली मैत्रिणींचा आक्रोश: "जीव घेतेस!" "मेले मी!" "किती सुंदर!" कोपर! लॅबमध्ये माझ्यासमोर रोज शंभर माणसांचे जबडे येतात, आजवर एकीनेही मेले म्हटलेलं नाही.

घरात बाईसाहेबांचा शब्दसंग्रह तीन शब्दांचा आहे: हो, नको, बघू. आणि आज त्या बोक्याला आपणहून लिहिलं, "हाय मांजरा. तू एवढी उदास का?"

मी कशाला उदास असेन. पण कर्तव्य म्हणून उत्तर दिलं की घरी कुणी बोलायला नाही. मग तिनं एवढं लांबलचक लिहिलं की माझा चहा गार झाला. शाळेत आल्या आल्या तिच्याशीही कुणी बोलत नव्हतं, मधल्या सुट्टीत ती वाचनालयात जाऊन बसायची. मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी रोज विचारायचे, शाळा कशी झाली? ती म्हणायची, झाली.

मंगळवार, १२

बोक्याशी बोलणं वाढलं आहे. नाइलाज आहे, विश्वास बसल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही. लॅबच्या मालकांनी आज दोनदा टोकलं की कामाच्या वेळी फोन बाजूला ठेवा. हे टोकणारे मालक स्वतः बारा तास फोनवर पत्ते खेळतात, आणि दारावर पाटी लावलीय: 'आम्ही हास्य घडवतो.' हास्य म्हणे. मेण, प्लास्टर आणि भट्टीची धग, बाकी काही घडत नाही इथे.

बोक्याला मी एक दुष्ट आई दिली आहे, म्हणजे बोलायला विषय राहतो. त्यावर आज बाईसाहेबांनी लिहिलं ते असं:

"माझी आई वाईट नाहीये. पण गोड बोलते आणि मागून भलतंच करते. मी मावशीकडे राहते. ती जाम खडूस आहे. मी केस कापले तर म्हणाली, कात्री बोथट होती का. पण तिचं जे काय असतं ते तोंडावर असतं. मागे काही नसतं. तिच्या घरी मला झोप लागते."

खडूस म्हणे. कात्री बोथट होतीच. हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला, निव्वळ शुद्धलेखनासाठी. ते भयंकर आहे.

संध्याकाळी येताना तिच्या आवडीचं आइस्क्रीम आणलं. दुकानात दुसरं नव्हतंच.

शुक्रवार, १५

सापडला! लांडगा सापडला!

'पंक्चर' नावाचं एक खातं आहे. तिच्या प्रत्येक फोटोखाली हजर. वय सतरा लिहिलंय, तिच्याच शाळेचं नाव लिहिलंय. आजवर त्याच्या एकाही फोटोत तोंड उघडं नव्हतं. कुठे हात आडवा, कुठे मान वळवलेली. आज पहिल्यांदा दात दाखवून हसणारा फोटो टाकला आणि आमच्या बाईसाहेबांनी खाली लिहिलं, "हसलास एकदाचा!!!" तीन उद्गारचिन्हं.

मी फोटो मोठा करून पाहिला. बाकी जग डोळ्यांनी फसत असेल, मी दातांनी फसत नाही. खऱ्या दाताची कड किंचित पारदर्शक असते, उजेड थोडा आरपार जातो. याच्या वरच्या पुढच्या चार दातांच्या कडा भिंतीसारख्या बंद. पोर्सेलिन. तेही कुणा गवंड्यानं बसवल्यासारखं. आणि सतराव्या वर्षी जबडा वाढत असतो, त्या वयात शुद्धीवरचा कुठलाही डॉक्टर पक्के दात बसवत नाही. म्हणजे चेहरा कुणाचा, वय कुणाचं, ते तुम्हीच ओळखा. चाळिशीचा घोडा आहे, केस रंगवून पोरासोरांत हसतोय.

ताईनं ऐकलेल्या त्या व्याख्यात्याला हे दिसलं असतं का? आयुष्यभर दिसलं नसतं.

शनिवार, १६

मावशी म्हणून सांगायची सोय नाही, म्हणून बोक्याकडून सांगितलं. नीट मुद्देसूद लिहिलं:

"त्या पंक्चरपासून सावध राहा. त्याचे वरचे पुढचे चार दात पोर्सेलिनचे आहेत, कडेची पारदर्शकता बघ, हिरडीजवळची रेघ बघ. सतराव्या वर्षी पक्का ब्रिज बसवत नाहीत. तो मोठा माणूस आहे."

बराच वेळ उत्तर नाही. पलीकडच्या खोलीतून आवाजही नाही. मग आलं, "तुला एवढं कसं काय कळतं?"

मी तत्काळ लिहिलं, "माझी काकू डेंटिस्ट आहे."

"अच्छा," तिनं लिहिलं.

पटलेलं दिसतंय. घाबरली असावी, कारण जेवताना माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, माझ्या तोंडाला काय लागलंय का? म्हणाली, काही नाही. पुन्हा खाली मान घालून सूप पीत बसली. लांडग्याचं भय असं चेहऱ्यावर येतं. बरं झालं, धडा मिळाला.

सोमवार, १८

बोक्याला विचारणा: "तू खरंच पंधरा वर्षांची आहेस ना? खरं काय ते सांग. मी रागावणार नाही."

म्हणजे माझी शिकवण लागू पडतेय, सगळ्यांवर संशय घ्यायला लागली. मी आईची शपथ घेतली. दुष्ट आईची शपथ घ्यायला काय जातं? मला खोटं बोलता येत नाही असं सगळं खानदान म्हणतं, लग्नही त्यापायीच मोडलं. पण काय बेमालूम जमलं! कामाला लागलं की माणूस काहीही शिकतो.

मीच दोनदा "झोपलीस का?" विचारलं.

बुधवार, २०

पंक्चरशी बोलणं अजून चालू आहे. फोटोखाली हसणारे चेहरे चालू आहेत. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ताईला सगळं सांगितलं. ताई फोनवर रडली, मग लगेच शाळेत फोन लावला, आणि मला म्हणाली, तूही त्या खात्याची तक्रार कर. केली. दुपारपर्यंत पंक्चरचं खातं बंद.

"आता वसतिगृहच," ताई म्हणाली. "तुझ्या डोळ्यांदेखत हे झालं."

"माझ्या डोळ्यांनीच तर पकडलं!"

"तेच म्हणतेय मी."

माणसाशी वाद घालता येतो, ताईशी नाही. मी म्हटलं, धोका गेला ना, मग आता कशाला वसतिगृह? तिनं बघू म्हटलं. पोरीनं हा शब्द कुठून उचलला ते कळलं.

संध्याकाळी बोक्याला आलेला मजकूर: "मांजरा, तू माझ्या ओळखीची असशील तर आत्ता सांग. आत्ताच. नंतर सांगू नकोस."

मी लिहिलं, "तुझ्याशिवाय मला कुणीच ओळखत नाही." हे वाक्य बरं जमलं होतं.

शुक्रवार, २२

आज नाश्त्याला बाईसाहेब स्वतः उठून आल्या, स्वतः अंडी फोडली, माझ्या ताटलीत माझं ऑम्लेट वाढलं. जळलेलं. मी तसं सांगितलंही.

ती समोर बसली. फोन जवळ नव्हता. म्हणाली, "मावशी, तू माझ्या खात्यावर आहेस का?"

"मला दुसरे उद्योग नाहीत वाटतं? तुमची कोपरं बघत बसायला?"

"म्हणजे नाहीस."

"नाही म्हटलं ना!"

तिनं बराच वेळ मान हलवली, हळूहळू. मग आपलं ऑम्लेट न खाता दप्तर उचलून गेली. मला वाटतं, ती मोठी होतेय. विचारून घ्यायला लागली.

तिला मी कोपर म्हटलं हे लिहिता लिहिता लक्षात आलं. मी तिच्या खात्यावर नाही तर मला कोपराचं कसं ठाऊक? पण तिच्या काही ध्यानात आलेलं दिसलं नाही. या वयात पोरांचं लक्ष कुठे असतं!

रविवार, २४

आज घडलं ते लिहायलाच हवं, हात चालत नाही तरी.

मी टेबलावर एक कवळी घासत बसले होते, घरी आणलेलं काम. दार उघडून ती आली आणि तिच्या मागे एक पोरगा. काटकुळा. मिसरूड धड फुटलेलं नाही, गुडघ्यावर जुने व्रण, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं.

"नमस्कार काकू," तो म्हणाला, तोंडावर हात ठेवून.

"हा पंक्चर," ती म्हणाली. "तुझा तो मोठा माणूस. उघड रे तोंड, दाखव तिला."

"राहू दे ना," तो म्हणाला.

"दाखव. तिला दातांशिवाय काही दिसत नाही."

त्यानं हात काढला. मी उठले नाही तरी मला दिसलं. पोर्सेलिन नव्हतंच. साधं ॲक्रेलिक, तात्पुरतं. गेल्या वर्षी सायकल उतारावरून गेली, पुढचं चाक फुटलं, आणि हा तोंडावर. एकविसाव्या वर्षी पक्के बसवणार, तोवर हे. फोटोतल्या उजेडानं मला चकवलं. आणि काम वाईट नव्हतं. गवंड्याचं तर मुळीच नव्हतं. माझ्या हातून एवढं नीट झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

"कुठल्या लॅबचे?" मी विचारलं. एवढंच तोंडातून निघालं.

पोरगा बिचारा खरंच लॅबचं नाव आठवायला लागला. तिनं त्याला गप्प केलं. "त्याला मुख्याध्यापकांनी बोलावलं. बाबांना घेऊन ये म्हणाले, जन्माचा दाखला आण म्हणाले. सगळ्या वर्गासमोरून नेलं. एक वर्ष हा फोटोत हसला नव्हता, मावशी. मी त्याच्या मागे लागून हसायला लावलं."

"बाबा चिडलेत," पोरगा म्हणाला. "पण मी म्हटलं त्यांना, चूक होऊ शकते कुणाची."

त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बस, चहा टाकते. तो म्हणाला, नको काकू, उशीर होतोय. दारातून वळून पुन्हा नमस्कार करून गेला.

मग आम्ही दोघीच. मी म्हटलं, "तुला कधी कळलं? बोका मी आहे ते?"

"पोर्सेलिन म्हणालीस तेव्हा. पंधरा वर्षांचं कोण असं बोलतं? आणि काकू डेंटिस्ट! इथे जेवायच्या टेबलावर दात पडलेले असतात. मी काय बावळट आहे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "मग एवढे दिवस गप्प का बसलीस?"

"गप्प कुठे बसले? विचारलं की तुला. तीनदा. दोनदा मांजराला विचारलं, म्हटलं मांजर बनून तरी खरं बोलशील. मग तुझ्यासमोर बसून विचारलं. ऑम्लेटसुद्धा केलं."

"तुझ्या आईनं सांगितलं होतं म्हणून—"

"आईनं केलं असतं तर मला काही वाटलं नसतं. आई करतेच." तिनं तोंड फिरवलं. "तू नव्हतीस तशी."

खोलीचं दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. ती आपटणारी नाही. दार हळू लावून घेतलं.

मी ते खातं बंद केलं. बंद करताना फोननं विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? या यंत्रांनाही नको त्या वेळी नको ते विचारायची हौस.

मंगळवार, २६

काल मुख्याध्यापकांना भेटून सांगितलं की चूक माझी. त्यांनी चष्म्यावरून बघत 'पालकांची दक्षता स्वागतार्ह आहे' असं काहीतरी म्हटलं. त्या पोराची माफी मागितलीत का, विचारलं तर म्हणाले, ते प्रक्रियेत बसत नाही. असल्या माणसाच्या हाती शाळा आहे. मग त्या पोराच्या घरी गेले. बाप दारातच उभा राहिला, आत घेतलं नाही. त्याची काही चूक नाही. मी माफी मागून आले.

आज ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं कांगावा करेल. उलट हसली. "अगं, सतरा वर्षांचाच निघाला ना? मग देव पावला. राहू दे तिला तुझ्याकडे. वसतिगृहाला मी नको म्हणून कळवते."

माझ्या जिवात जीव आला. हे लिहिते आहे, कारण दुसरं काही लिहिलं तर खोटं होईल, आणि आता तेवढं बास. मला ती इथे हवी आहे. टॉवेल पलंगावर टाकला तरी हवी आहे.

फोन स्पीकरवर होता. कार्टी खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मी जाते वसतिगृहात."

"अगं, पण मावशी नाही म्हणतेय का? उलट—"

"तिथे रेक्टर असते ना? ती नजर ठेवते, बॅगा तपासते, फोन काढून घेते, मला माहितीये. पण ती रेक्टर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं."

ताई एवढ्या लांबून काहीतरी समजावत राहिली. मी समोरच होते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. फोन संपल्यावर मी म्हटलं, तिथलं जेवण भिकार असतं. "असू दे," ती म्हणाली.

शनिवार, ३०

सकाळी गेली.

बांधाबांध तिनं एकटीनं केली. मी दोनदा खोलीत डोकावले, एकदा इस्त्रीचं निमित्त, एकदा मोज्यांचं. मोजे तिचे नव्हतेच, माझे होते, ते तिनं परत दिले. पलंगावर टॉवेल नव्हता. दांडीवर वाळत घातला होता, कोपरे जुळवून.

टॅक्सी खाली आली तेव्हा शिंपीणबाई दारात आल्या. "जपून जा गं पोरी," म्हणाल्या, तिच्या गालावरून हात फिरवला. मला मेलीला तेवढंही सुचलं नाही. पोरीनं बोक्याला खाली वाकून खाजवलं.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बॅग पायाशी ठेवली. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, तिनं त्याला हातानं थांब म्हटलं.

"मावशी," ती म्हणाली, "एकदाच विचारते. मी राहावं असं वाटतं का तुला?"

राहा, म्हणायचं होतं. वहीत लिहून झालं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. ती वाट बघत होती. नेहमीसारखी खाली नाही, सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. शिंपीणबाई बघत होत्या, टॅक्सीवाला बघत होता.

मी म्हटलं, "बॅगेची चेन नीट लाव आधी. उघडी आहे."

तिनं खाली पाहिलं. चेन नीट लावलेली होती.